इंधन भरायचं की माणसं?

सेस्ना १७२ या विमानात खुर्च्या चार असतात. पण चार धडधाकट माणसं बसवून टाक्या काठोकाठ भरल्या तर ते विमान नियमानं उडवता येत नाही. उड्डाणाच्या वेळचं कमाल वजन साधारण ११५७ किलो. दोन्ही पंखांतल्या टाक्या भरल्या की दोनशे लिटरच्या आसपास इंधन होतं, म्हणजे जवळपास १४५ किलो तिथेच खर्ची पडले. विमानाचं स्वतःचं वजन वजा केलं की उरतं त्यात तीन मोठी माणसं आणि फार तर एखादी पिशवी. चौथ्याला न्यायचं असेल तर इंधन कमी घ्या आणि जवळ जा. लांब जायचं असेल तर चौथ्याला खालीच ठेवा. १९५६ पासून अशी चव्वेचाळीस हजारांहून जास्त विमानं बनली. इतकी दुसऱ्या कुठल्याच विमानाची बनलेली नाहीत. त्यातलं एखादं उडवायला शिकणाऱ्या प्रत्येकाला हा हिशोब आधी कागदावर मांडावा लागतो.

फ्लाइट सिम्युलेटरसाठी बेताच्या पैशांत कॉम्प्युटर जुळवायला घेतला तेव्हा माझ्या डोक्यात हाच वजनाचा तक्ता होता. दमदार प्रोसेसर, मोठं ग्राफिक्स कार्ड, भरपूर रॅम, रुंद मॉनिटर, जॉयस्टिक, इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा थ्रॉटल, पायाखाली नाक डावी-उजवीकडे वळवणारी रडर पेडल्स. खुर्च्या सगळ्या समोर दिसतात आणि सगळ्या एकदम भरता येत नाहीत. ‘गेमिंग पीसी’च्या ज्या तयार याद्या सगळीकडे फिरत असतात, त्यांत निम्म्याच्या आसपास पैसा ग्राफिक्स कार्डावर ओतलेला असतो आणि बाकीचं उरल्यासुरल्यात भागवलेलं असतं. गोळीबाराच्या खेळांना किंवा मोटारींच्या शर्यतींना ते चालतं. विमानाचं गणित निराळं आहे.

माझा भाचा पहिल्यांदा माझ्या खुर्चीत बसला, पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा बघितला आणि म्हणाला, “आत्या, तीस? फक्त तीस फ्रेम्स? अगं, माझ्याकडे एकशे चव्वेचाळीसच्या खाली गेलं तर मला खेळवत नाही.”

“तुझ्याकडे कोपऱ्यावरून कोणीतरी बंदूक घेऊन येतो,” मी म्हटलं. “माझ्याकडे डोंगर येतो. तो दहा मिनिटं आधीपासून दिसत असतो.”

तो हसला. पटलं मात्र नाही, आणि त्याच्या खेळापुरतं त्याचं बरोबरच आहे.

सेकंदाला तीस चित्रं म्हणजे प्रत्येक चित्राला तेहतीस मिलिसेकंदांच्या जरा वर वेळ. हवेत असताना तेवढं पुरतं, कारण दोन हजार फुटांवरून खालची जमीन फार सावकाश सरकते. न पुरणारी गोष्ट वेगळीच आहे, ती म्हणजे ठेका. सरासरी पन्नास दाखवणारं पण मधेच एकदा पाव सेकंद थबकणारं मशीन नेमकं उतरताना दगा देतं. धावपट्टीपासून दहा-पंधरा फुटांवर नाक हळूच वर घ्यायचं असतं. तिथे आपण कुठलाही काटा वाचत नसतो. धावपट्टीच्या कडा दोन्ही बाजूंनी कशा पसरतायत यावरून आपण किती वेगानं खाली चाललोय ते डोळ्यांना कळत असतं. त्या क्षणी एक हिसका बसला की अंदाज चुकतो आणि विमान आपटतं. म्हणून मी आकडा तीसवर बांधून टाकलेला आहे. मशीनला चाळीस जमत असले तरी तीसच. वरचे दहा हातचे राखलेले बरे.

आता हा ठेका बिघडवतं कोण? बहुतेक वेळा प्रोसेसर. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये डेव्हलपर मोड सुरू केला की एक छोटी खिडकी उघडते. मशीन कुठे अडलंय ते तिथे सरळ लिहिलेलं असतं: ग्राफिक्स कार्डावर, की ‘मेन थ्रेड’वर, म्हणजे प्रोसेसरवरच्या मुख्य कामाच्या रांगेवर. लहानशा धावपट्टीवर, आसपास शेतं आणि वर ढग असतील तर बहुधा कार्डाचं नाव येतं. मोठ्या शहराच्या मोठ्या विमानतळावर, चारी बाजूंना विमानं उभी असताना आणि स्वतःच्या कॉकपिटमध्ये काट्यांऐवजी आकडे दाखवणारे सहा काचेचे पडदे पेटलेले असताना जवळपास नेहमी मेन थ्रेडचं. विमानावरची बळं, इंजिन, वीज, हायड्रॉलिक, हवामान, दुसरी विमानं, पुढचा भूभाग कधी आणि किती बारकाव्यानं उलगडायचा, ही सगळी कामं असतात. त्यातली काही प्रोसेसरच्या वेगवेगळ्या कोअरना, म्हणजे आतल्या स्वतंत्र कामकऱ्यांना, वाटता येतात, पण एकमेकांवर अवलंबून असलेला गाभा एकाच रांगेत उभा राहतो. त्यामुळे सोळा कोअरचा प्रोसेसर आणला तरी त्यातले बरेचसे हाताची घडी घालून बघत बसतात. सहा कोअर पुरतात. प्रत्येक कोअर चपळ हवा आणि त्याच्या हाताशी मोठी कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच चपळ मेमरी, हवी, एवढंच बघायचं.

कॅशचं एवढं महत्त्व मला आधी अतिशयोक्ती वाटायचं. एप्रिल २०२२ मध्ये एएमडीनं ५८००एक्स३डी हा प्रोसेसर काढला. त्याच्या साध्या भावंडात एल-थ्री कॅश ३२ एमबी होती. यात तिच्यावर कॅशचा आणखी एक थर रचून ती ९६ एमबी केली होती. क्लॉकचा वेग उलट थोडा कमीच. तरीही विमानवाल्यांमध्ये तोच भाव खाऊन गेला. कारण समजायला सोपं आहे. सिम्युलेटर दर चित्रागणिक शेकडो निरनिराळ्या ठिकाणची माहिती मागत असतो, आणि रॅमपर्यंत जाऊन येणं हे प्रोसेसरच्या हिशोबात फार लांबचं जाणं. लागणारी वस्तू जितकी जवळच्या फडताळात, तितकी रांग पुढे सरकते.

तो प्रोसेसर माझ्या वजनात बसत नव्हता. मी एएमडीचाच रायझन ५ ५६०० घेतला: सहा कोअर, ३२ एमबी कॅश, पासष्ट वॅटचा शांत स्वभावाचा. पण घेताना सॉकेटचा, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेचा, विचार केला. एएम४ या सॉकेटवर २०१७ सालच्या पहिल्या रायझनपासून एक्स३डीपर्यंतचे प्रोसेसर बसतात. बोर्डाचा बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा त्याच्यातला प्रोग्रॅम, नवा केलेला असला म्हणजे झालं. म्हणजे आज स्वस्तातला, आणि हाच बोर्ड, हीच रॅम ठेवून पुढे कधीतरी सेकंडहँड बाजारातला मोठ्या कॅशवाला. हे सॉकेट आता मागच्या पिढीचं आहे आणि नवे प्रोसेसर नव्या सॉकेटवर येतात, हे मला ठाऊक आहे. बेताच्या पैशांवाल्याला मागची पिढीच जवळची. तिची सगळी दुखणी लोकांनी आधीच शोधून ठेवलेली असतात.

शिवाय सिम्युलेटरनं आपल्या काळाच्या मशीनला सुखानं जगू दिलंय असं क्वचितच झालंय. ब्रूस आर्टविकनं १९७५ मध्ये विद्यापीठाच्या प्रबंधासाठी उडत्या विमानातून दिसणारं दृश्य कॉम्प्युटरवर काढून दाखवलं आणि पुढे त्यातूनच ॲपल टू वरचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर आला. काळ्या पडद्यावर चार रेघा, पण त्या रेघाही त्या यंत्राचा घाम काढत होत्या. १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं तो आयबीएम पीसीवर आणला. तेव्हा आयबीएमसारखी चालणारी स्वस्त मशीनं बाजारात येऊ लागली होती, आणि ‘हे मशीन खरंच आयबीएमसारखं आहे का’ याची एक परीक्षा म्हणजे त्यावर फ्लाइट सिम्युलेटर चालवून बघणं. दुसरी परीक्षा लोटस १-२-३ हा हिशोबाचा प्रोग्रॅम. एक हिशोब आणि एक विमान. दोन्ही चालली की मशीन अस्सल. मला ही जोडी फार आवडते.

२००६ साली आलेल्या एफएसएक्सची, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्याच फ्लाइट सिम्युलेटर एक्सची, गत आणखी मजेशीर. पुढच्या काळात एकेका कोअरचा वेग वाढतच जाईल या भरवशावर तो लिहिलेला होता. प्रत्यक्षात वेग अडला आणि कोअरची संख्या वाढत गेली. त्यामुळे नंतरच्या कितीतरी पिढ्यांची मशीनं त्याच्यासमोर धापा टाकत राहिली. त्यात तो ३२ बिटांचा, म्हणजे रॅम कितीही घाला, त्याला चार जीबीच्या पलीकडचं दिसायचंच नाही. तासन्‌तास उडून उतरायच्या वेळी मेमरी संपल्याची सूचना यायची आणि सगळं बंद पडायचं. त्या पिढीतल्या लोकांशी बोलताना ‘आउट ऑफ मेमरी’ हे शब्द उच्चारून बघा. चेहरे बदलतात.

पण बजेट आणि सिम्युलेटर यांची गाठ याच्याही खूप आधीची आहे. एडविन लिंक नावाच्या तरुणाला विमान शिकायचं होतं आणि शिकवणीचे तास महाग होते. त्याच्या वडिलांचा अमेरिकेत बिंगहॅम्टनला पियानो आणि ऑर्गन बनवायचा कारखाना. ऑर्गनमध्ये हवेच्या दाबावर चालणारे भाते असतात. झडपा उघडल्या-मिटल्या की ते फुगतात, आकसतात. लिंकनं तेच भाते एका ठेंगण्या लाकडी विमानाखाली बसवले आणि दांडा हलवला की विमान डोलेल, कलेल, वळेल अशी रचना केली. साल १९२९. सुरुवातीला ती पेटी गंमत म्हणून करमणुकीच्या बागांमध्ये विकली गेली. १९३४ मध्ये अमेरिकेच्या लष्करी वैमानिकांवर टपाल नेण्याचं काम आलं. ढगाळ हवेत नुसत्या काट्यांवर उडायची सवय नसल्यानं त्यातले काही मेले. तेव्हा कुठे लष्करानं सहा पेट्या घेतल्या. दुसऱ्या महायुद्धात त्या हजारोंनी बनल्या. महागड्या तासाला पर्याय म्हणून घरच्या कारखान्यातल्या सामानातून जुळवलेलं यंत्र, ही या साऱ्या प्रकाराची सुरुवात. सेकंडहँड कार्ड आणि जुना मॉनिटर घेऊन बसलेल्यांनी ओशाळं व्हायचं काही कारण नाही.

कार्डाचं बोलायचं तर मी ते सेकंडहँडच घेतलं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या आभासी चलनानं नवी नाणी मिळवण्याची, ग्राफिक्स कार्डांवर चालणारी ‘खाणकामा’ची पद्धत सोडून दिली आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं ढिगानं बाजारात आली. तेव्हापासून जुनं कार्ड म्हटलं की लोक नाक मुरडतात. राबलेलं कार्ड वाईटच असतं असं नाही. पंख्याचं बेअरिंग खरखरतंय का, अर्धा तास ताण दिल्यावर तापमान कुठे स्थिरावतंय, पडद्यावर ठिपके किंवा पट्टे येतायत का, एवढं समोर बसून बघितलं की बरंच कळतं. समोर चालवून दाखवायला तयार नसलेल्या माणसाकडून घेऊ नये. निवड करताना मी नुसता वेग न बघता कार्डावरची मेमरीही बघितली. विमानाचं कॉकपिट, धावपट्टी, इमारती, झाडं यांचे पोत तिथे ठेवायचे असतात. ती भरली की कार्ड कितीही चपळ असो, अडखळतंच. आठ जीबीच्या खाली जाऊ नये असं माझं मत. आरएक्स ६६०० मध्ये आठ जीबी आहे आणि ते १३२ वॅटवर भागवतं. आरटीएक्स ३०६० ची बारा जीबीवाली आवृत्ती मिळाली तर मेमरीची चिंताच मिटते. याच्या वरचं कार्ड या प्रोसेसरला लावणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

रॅम ३२ जीबी. सोळा जीबीवर मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरची २०२० ची आवृत्ती चालते, पण २०२४ ची आवृत्ती स्वतःच बत्तीसची शिफारस करते, आणि मी जुळणी केली तेव्हा रॅम हा त्यातल्या त्यात स्वस्तात सुटणारा प्रश्न होता. अट एकच, सोळा-सोळाच्या दोन पट्ट्या घ्यायच्या, बत्तीसची एक नाही. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला दोन रस्ते मिळतात. चार खाचांचा बोर्ड असेल तर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या. आणि बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करायचं. नाहीतर ३२०० लिहिलेली रॅम गुपचूप २१३३ किंवा २४०० वर चालत राहते आणि कोणी सांगितल्याशिवाय पत्ता लागत नाही. एसएसडी हवीच, पण सर्वांत वेगवान हवी असं काही नाही. उड्डाण सुरू झाल्यावर साध्या आणि महागड्या एसएसडीतला फरक मला तरी जाणवलेला नाही.

मशीनला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसवर मात्र कंजुषी करायची नाही. यादी करताना सगळ्यांत आधी कात्री याच ओळीला लागते, कारण त्यानं चित्र सुंदर दिसत नाही की वेगही वाढत नाही. डब्यावर ‘८० प्लस ब्रॉन्झ’ लिहिलेलं असलं की लोक निर्धास्त होतात. तो शिक्का फक्त वीज किती वाया जाते ते सांगतो. आतले कपॅसिटर कसे आहेत, एखादी वायर शॉर्ट झाली तर तो स्वतःला वेळेत बंद करेल का, हे त्यावरून कळत नाही. माझ्या मशीनला खरं तर साडेचारशे वॅटही पुरले असते. मी नावाजलेल्या घडणीचा साडेपाचशेचा घेतला आणि कॅबिनेट साधं, बिनकाचेचं घेतलं. आतले दिवे बघायला मी उडत नाही.

जुळणी हा भाग लोक उगाच भीतीदायक करून सांगतात. पाना-पेचकसाचं म्हणाल तर एक फुलीचा स्क्रूड्रायव्हर. पण एक-दोन जागा अशा आहेत की तिथे हात थांबतो. एएम४ बोर्डावर प्रोसेसरच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकचे दोन कंस आधीपासून बसवलेले असतात. प्रोसेसरबरोबर मिळणारा छोटा पंखा स्क्रूचा असेल तर हे कंस काढावे लागतात, आणि त्यांचे चार स्क्रू सुटले की बोर्डाच्या पाठीमागची धातूची पट्टी आधाराशिवाय राहते आणि टपकन खाली येते. कंस काढताना एक हात बोर्डाखाली असावा लागतो. मग पंखा ठेवायचा तो एकदाच, सरळ खाली. त्याच्या तळाशी करडी पेस्ट आधीच लावलेली असते आणि ती पुन्हापुन्हा उचल-ठेव केली की फिसकटते. चार स्क्रू कोपऱ्यातून कोपऱ्यात, प्रत्येकाला थोडे थोडे आटे देत आवळायचे. एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलात तर पंखा एका बाजूला वर उचलला जातो. स्प्रिंगचा जोर मनगटाला जाणवतो आणि एका जागी स्क्रू आपोआप थांबतो. तिथे आपणही थांबायचं.

दुसरी जागा म्हणजे कॅबिनेटच्या बटणांपासून येणाऱ्या वायरी. तांदळाच्या दाण्याएवढ्या अक्षरांत त्यांच्यावर ‘पॉवर’, ‘रीसेट’, ‘एलईडी’ लिहिलेलं असतं आणि त्या बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यातल्या तशाच बारीक पिनांवर लावायच्या असतात, तेही वर सगळं सामान बसून अंधार झाल्यावर. बटणांच्या वायरी उलट लागल्या तरी बिघडत नाही. दिव्यांच्या उलट लागल्या तर दिवा लागत नाही, इतकंच. मी हे काम बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवल्यावर लगेच उरकते, कार्ड सगळ्यात शेवटी लावते. पहिल्यांदा बटण दाबल्यावर पंखे फिरतात आणि पडदा काळाच राहतो. बोर्ड रॅमची ओळख करून घेत असतो. कधी स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. थोडा धीर धरला की डिस्प्ले येतो. त्यानंतरही आला नाही तर मॉनिटरची केबल कार्डाऐवजी बोर्डाला लागली आहे का ते बघावं. ५६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, त्यामुळे बोर्डावरच्या सॉकेटमधून काहीच बाहेर पडत नाही.

इथपर्यंत सगळे येतात. खरा हिशोब यापुढे आहे, कारण आता चित्र दिसतं पण विमान हातात नसतं.

कीबोर्डवर विमान उडवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. जॉयस्टिकसाठी पैसे बाजूला ठेवायलाच हवेत, आणि तेही कार्ड ठरवायच्या आधी. स्वस्त जॉयस्टिकमध्ये पोटेन्शिओमीटर असतात. आतली पट्टी घासत जाते आणि काही काळानं हात न हलवताही विमान थरथरू लागतं. हॉल सेन्सरवाल्या जॉयस्टिकमध्ये सेन्सर चुंबकावर चालतो, त्यात घासण्यासारखं काही नसतं. थ्रस्टमास्टरची टी-१६०००एम ही या जातीतली त्यातल्या त्यात आवाक्यातली. एका पायरीनं लहान कार्ड आणि हॉल सेन्सरची जॉयस्टिक, की एका पायरीनं मोठं कार्ड आणि घासणारी जॉयस्टिक? मी पहिला पर्याय घेतला. ढगांच्या कडा जरा कमी मऊ आहेत. उतरताना हात मात्र ऐकतो.

दुसरी गोष्ट याहून स्वस्त आहे आणि तिच्याविषयी फार कमी बोललं जातं: मान वळवणं. धावपट्टीला समांतर, उलट दिशेनं चाललेलं विमान वळवून उतरायला आणायचं असतं. वळायचं कधी? धावपट्टीचं टोक आपल्या खांद्यामागे, पंखापासून साधारण पंचेचाळीस अंश मागे दिसू लागलं की. समोरच्या पडद्यावर खांद्यामागचं काही दिसत नाही. जॉयस्टिकवरच्या टोपीसारख्या बटणानं दृश्य फिरवता येतं, पण ते खटकन्‌ फिरतं आणि परत येईपर्यंत नाक भलतीकडे गेलेलं असतं. ओपनट्रॅक नावाचा फुकट प्रोग्रॅम साध्या वेबकॅमवरून चेहऱ्याची हालचाल टिपतो. डोकं दहा-पंधरा अंश वळवलं की कॉकपिटमधली मान पार मागे वळते. सुरुवातीला डोळे पडद्यावर आणि मान दुसरीकडे, हे विचित्र वाटतं. मग सवय होते आणि त्यानंतर त्याशिवाय उडवत नाही. मोठ्या मॉनिटरचे पैसे माझे इथे वाचले.

आता सेटिंग्ज. इथे वजनाचा तक्ता अगदी शब्दशः लागू होतो. ‘टेरेन लेव्हल ऑफ डिटेल’ हा सरकता काटा प्रोसेसरच्या मानेवर बसतो. दोनशेवरून शंभरवर आणला की मोठ्या शहरावरची धाप कमी होते आणि लांबचे डोंगर थोडे गोलगरगरीत दिसतात. दुसरी विमानं, उभ्या गाड्या, विमानतळावरची माणसं हा सगळा प्रोसेसरचाच बोजा. तो मी जवळपास शून्यावर आणलाय. काचेच्या पडद्यांचा ताजेपणा मध्यमवर. ढग मात्र कार्डाच्या खात्यात जातात, आणि कार्ड पुष्कळदा प्रोसेसरची वाट बघत रिकामं बसलेलं असतं, म्हणून ढगांना मी हात लावला नाही. भाच्याला हे उलटं वाटतं. त्याच्या खेळात अडखळलं की रेझोल्यूशन कमी करायचं, की चालू लागतं. इथे मेन थ्रेड अडलेला असताना रेझोल्यूशन कमी केलं तर चित्र तेवढं धूसर होतं, वेग तसाच. एक सावधगिरी आणखी: कार्ड अडलेलं असेल तेव्हा डीएलएसएससारख्या, छोटं चित्र मोठं करून दाखवणाऱ्या युक्त्यांनी वेग वाढतो, पण काचेच्या पडद्यांवरचे सरकते आकडे पुसट होतात, मागे सावली ओढत राहतात. बाहेरचं झाड पुसट झालं तर चालतं, उंचीचा आकडा झालेला चालत नाही.

आणि शेवटी, काय उडवायचं? बेताच्या मशीननं ही निवड माझ्यासाठी बरीचशी करून टाकली, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. फ्लायबायवायर या गटानं केलेलं ए३२० हे प्रवासी विमान मोफत मिळतं आणि आतून थक्क करण्याइतकं बारीक आहे. ते घेऊन एखाद्या महानगराच्या विमानतळावर उतरायला गेलं की माझ्या मशीनचा जीव मेटाकुटीला येतो. तेच मशीन सेस्ना घेऊन दरीखोऱ्यांतून जाताना अगदी निवांत असतं. काटे गोल आणि साधे, वेग शंभर-सव्वाशे नॉट, खाली नदी, रस्ता, पूल ओळखत जायचं. असं हळू आणि खालून उडताना मला जग जास्त दिसतं. प्रवासी विमानात तीस हजार फुटांवर दोन तास ऑटोपायलट बघण्यात लोकांना काय आनंद मिळतो, हे मला अजून उलगडलेलं नाही. मिळत असेल.

नेपाळमधल्या लुक्लाच्या विमानतळाचं उदाहरण घ्या. समुद्रसपाटीपासून २८४५ मीटरवर, धावपट्टी अवघी ५२७ मीटर, तीही जवळजवळ बारा टक्के चढाची, आणि तिच्या वरच्या टोकाला डोंगर. चढती धावपट्टी समोरून बघताना आपण गरजेपेक्षा उंचावर आहोत असा भास होतो. हात नकळत नाक खाली घालतो आणि विमान खऱ्या मार्गाच्या खाली जातं. इथे डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे पुस्तकात वाचून कळतं आणि तिथे जाऊन पटतं. यासाठी लागतो एक स्थिर ठेका, ऐकणारी जॉयस्टिक आणि डोंगराचा बरा आकार. आजूबाजूच्या घरांच्या खिडक्यांमधले पडदे दिसले नाहीत तरी चालतात. इंटरनेट मात्र नीट हवं, कारण नव्या आवृत्त्यांमध्ये जमीन उडता उडता उतरवून घेतली जाते. ते रेंगाळलं की डोंगर मेणाचा होतो.

ज्यांच्याकडे यातलंही काही नाही, जुनाच कॉम्प्युटर आहे, त्यांनी फ्लाइटगिअर बघावं. ते पूर्ण मोफत, मुक्त परवान्याचं, नव्वदच्या दशकापासून स्वयंसेवकांनी वाढवलेलं आहे. दिसायला ओबडधोबड असलं तरी आत विमानच आहे. लढाऊ विमानांची आवड असणाऱ्यांना डीसीएस वर्ल्डमध्ये एसयू-२५टी आणि टीएफ-५१डी ही दोन विमानं फुकट मिळतात. त्यांतल्या एकाचा इंजिन सुरू करायचा क्रम पाठ होईपर्यंत दुसरं काही विकत घ्यायची गरज पडत नाही.

पुढचे पैसे साठतील तेव्हा वाद ठरलेला आहे. भाचा म्हणतो, “आत्या, एक्स३डी घे, मग शहरातही मस्त चालेल.” त्याचं म्हणणं चुकीचं नाही, मी सॉकेट निवडलं तेव्हा हाच बेत होता. पण टेक-ऑफला पूर्ण ताकद दिली की सेस्नाचं नाक डावीकडे ओढ घेतं. नाकावरच्या पंख्याच्या फिरण्यामुळे, त्याच्या मागून गुंडाळत येणाऱ्या हवेमुळे. ते उजव्या पायानं धरून ठेवायचं असतं. माझ्याकडे पेडल्स नाहीत, रडरसाठी जॉयस्टिकचा दांडाच पिळायचा. डावीकडून आडवा वारा असला की उतरताना डावा पंख वाऱ्याच्या दिशेला झुकवायचा आणि उजव्या रडरनं नाक धावपट्टीच्या रेषेत ठेवायचं. म्हणजे एकाच मनगटानं एकाच वेळी डावीकडे कलायचं आणि उजवीकडे पिळायचं. हे मनगटाला जमत नाही. जे एका हाताला कठीण जातं ते दोन पायांना सोपं जातं, म्हणून आधी पेडल्स. प्रोसेसर तोपर्यंत थांबू शकतो. पेडल्स येईपर्यंत हवामानाच्या खिडकीत जाऊन वारा धावपट्टीच्या रेषेत आणून ठेवते, सिम्युलेटरमध्ये तेवढी सोय आहे.